एका इडलीचा डबा

वरदराजला एखादी भानगड सांगायला घेतली की तो आधी हात वर करून मला थांबवतो; मला सगळी गल्ली रायरे, म्हणजे राव, म्हणते. "रायरे, असं नाही. आधी घर सांगा, मग घरातली माणसं, मग कोणी काय केलं ते." आता भानगड म्हणजे काय वाणसामान आहे? ती मधूनच सुरू होते, कधी शेपटाकडून सुरू होते, आणि त्यातला सगळ्यात चविष्ट तुकडा तर सांगणाऱ्याला निघताना चप्पल घालता घालता आठवतो. हे त्याला पटत नाही. माझ्या कितीतरी उत्तम भानगडींची त्याने अशी घरवार मांडणी करून माती केली आहे.

तसा माणूस सोन्यासारखा. चामुंडीपुरमच्या आमच्या गल्लीत शेवटून दुसरं घर त्याचं. वय पन्नाशीच्या थोडं पुढे, लग्न नाही, डोक्यावर केस आहेत पण त्यांचेही दोन गट पडलेले. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात माझ्यासोबत एक कॉफी दोघांत घेतो, दोन इडल्या खातो आणि स्कूटरवर बसून रिंगरोडपलीकडच्या ऑफिसात जातो.

तिथे तो काय करतो, हे लोकांना समजावण्यात त्याच्या आईचं, रंगनायकम्मांचं, अर्धं आयुष्य गेलं. मुली सांगून यायच्या त्या काळात मुलीचा बाप हटकून विचारायचा, मुलगा करतो काय? रंगनायकम्मा खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या म्हणायच्या, "लोकांच्या याद्या उलटसुलट करतो." बाप कॉफी संपवायचा, घड्याळ बघायचा आणि उठायचा.

पण खरं सांगायचं तर त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलेलं होतं. एखाद्या दुकानाच्या कॉम्प्युटरात यादी असते ती अशी: हे गिऱ्हाईक, त्याच्याखाली त्याने मागवलेल्या वस्तू. गोदामाच्या कॉम्प्युटरला ती कळत नाही. त्याला हवं असतं की ही वस्तू, आणि तिच्याखाली ती कोणाकोणाला द्यायची ते. मग वरदराज त्याच्या त्या क्वेरीच्या भाषेत चार ओळी लिहितो आणि उशीचा अभ्रा आतून बाहेर काढावा तशी ती यादी उलटी होऊन बाहेर येते. यादीच्या पोटात यादी असेल तर ती उसवून सरळ करायची, सरळ असेल तर घड्या घालून पोटात ढकलायची. दिवसभर हाच शिंपीपणा. आणि सवय ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर डाळीची कोसंबरी पल्ल्याच्या, म्हणजे सुक्या भाजीच्या, जागी वाढली गेली की हा वाढप्याला परत बोलावतो. देवराज मार्केटात फुलवालीला सांगतो, आधी रंगाने वेगळी कर, मग मापाने. ती त्याला बघून टोपली झाकून घेते.

ऑफिसात नवीन मुलं आली की त्यांना हा पहिल्याच दिवशी एक व्याख्यान देतो. ते मी इतक्यांदा ऐकलंय की मलाही नोकरी मिळेल. पिशवीतून तो आपला स्टीलचा डबा काढतो. आत एकच इडली ठेवलेली असते.

"हे काय आहे?" तो विचारतो.

मुलं म्हणतात, इडली.

"चूक. हा डबा आहे. डब्यात एक इडली आहे."

मग तो समजावतो. आपल्या या भाषेला एक खोड आहे. यादीत दहा जिन्नस असले की ती दहांची यादी देते. दोन असले की दोनांची. पण एकच जिन्नस उरला की तिला वाटतं, एकासाठी कशाला डबा? ती डबा फेकून देते आणि नुसती इडली तुमच्या तळहातावर ठेवते. पुढच्या खोलीत दुसरा माणूस डबे उघडायला बसलेला. त्याला डबा दिसत नाही. तो आरडाओरडा करत नाही, तक्रार करत नाही. त्याच्या लेखी जेवण आलेलंच नाही. तो पुढच्या डब्याकडे वळतो. म्हणून आपण नावाच्या मागे एक रिकामा चौकोनी कंस लावून ठेवायचा. त्याचा अर्थ, एक असो की शंभर, डबा राहू दे. "एकाची यादीसुद्धा यादीच असते," हे वाक्य तो मुलांकडून बोर्डावर लिहून घेतो आणि मग ती इडली खातो.

आता आमच्या रामोत्सवाकडे येतो, कारण सगळी गंमत तिथेच झाली.

रामनवमीपासून पुढे बरेच दिवस गल्लीच्या टोकाला मंडप असतो. रोज संध्याकाळी गाणं, आणि गाणं सुरू होण्याआधी ऐकायला आलेल्या सगळ्यांना गुळाचं पानक आणि कोसंबरी. रोज एका घराची पाळी. त्याला आम्ही पाळी म्हणत नाही, सेवा म्हणतो. गायकाच्या आधी माईकवर त्या घराचं नाव पुकारतात, "घरच्या मंडळींनी पुढे यावं" म्हणतात, मंडळी पुढे जातात, फुलं घेतात. गायकाचं नाव लोक विसरतात. पानक कोणाचं पाणचट होतं, ते पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात राहतं.

आणि एक गोष्ट. सेवा मागायची नसते. उत्सवाचे चिटणीस शामण्णा विड्याची पानं, सुपारी आणि नारळ घेऊन स्वतः घरी येतात आणि तुमची संध्याकाळ सांगतात. ते आले तर तुम्ही आहात. नाही आले तर आपण होऊन "माझं नाव राहिलं का हो?" असं विचारणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्माला यायचा आहे. त्यापेक्षा लोक घर विकतील.

शामण्णा हे सगळं पूर्वी डोक्यात ठेवायचे. डोकं थकलं तेव्हा त्यांनी वरदराजला गाठलं. घराघरांतल्या माणसांची नावं सभासदांच्या नोंदीत होतीच. त्यातून कोणाची कुठली संध्याकाळ, घरातल्या कोणी लिंबं पिळायची, कोणी वाटायचं, कोणी भांडी घासायची, अशी यादी काढून द्यायची. वरदराजने एका रविवारी बसून क्वेरी लिहिली. आधी स्वतःच्या घरावर चालवून बघितली. रंगनायकम्मा, वरदराज. लिंबं आईकडे, भांडी मुलाकडे. झकास. मग त्याने शामण्णांच्या कॉम्प्युटरवर एक बटण करून दिलं आणि सांगितलं, दरवर्षी हे दाबा.

शामण्णांनी दाबलं. सुरेख यादी आली. फक्त वनजाक्षम्मा तिच्यात नव्हती.

वनजाक्षम्मा म्हणजे वरदराजच्या समोरचं घर. वीणा शिकवते, साठीची, एकटी. उत्सवाची पहिली संध्याकाळ कायम तिची. तिच्या पानकातलं आलं असं की गायकाचा गळा पहिल्या आलापात मोकळा. ती तांब्याच्या घंगाळात आलं ठेचून तयार बसली, आणि शामण्णा नारळ घेऊन तिच्या दारावरून पुढे गेले. शामण्णांना चुकल्यासारखं वाटलं नाही का? वाटलं. पण ते म्हणाले, यंत्राने काही विचार करून नवीन लोकांना संधी दिली असेल. शिवाय वनजाक्षम्मा दरवर्षी त्यांच्या माईकला नावं ठेवायची. यंत्राचा विचार त्यांना पटला.

त्या दिवसापासून तिने वरदराजशी बोलणं टाकलं. तो दिसला की खिडकी लागायची. वरदराजने पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी त्याने असा शोध लावला की आपण एकदा तिला, विद्यार्थ्यांची नावं आडनावाऐवजी वयाने लावा असं सुचवलं होतं, त्याचा तिला राग आला असावा. मला म्हणाला, "माझं चुकलंच. रागाप्रमाणे लावा म्हणायला हवं होतं. म्हणजे कोण कुठला राग शिकतंय त्याप्रमाणे."

मला खरं कारण ठाऊक होतं, कारण ती ते मला पहिल्याच आठवड्यात बोलली होती. पण बाईमाणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी गल्लीतल्या बाकीच्यांना सांगितली तरी ज्याच्याबद्दल आहे त्याला कधी सांगत नाही. काही नियम पाळावे लागतात.

पुढच्या माघात रंगनायकम्मा गेल्या. वनजाक्षम्मा आली, त्यांच्या पायाशी बसली, रडली, आणि वरदराजकडे न बघता परत गेली. त्या वर्षी दुखवट्याचं वर्ष म्हणून वरदराजच्या घरी सेवा नव्हतीच, त्यामुळे यादीत काय आहे नि काय नाही याकडे त्याचं लक्षही नव्हतं. सभासदांच्या नोंदीतून आईचं नाव त्याने स्वतः काढलं. मग हॉटेलात आला. इडलीला हात लावला नाही.

वर्ष उलटायला आलं तसा मात्र त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. यंदा सेवा करायची, आणि आईसारखं पानक करायचं. रंगनायकम्मांनी शेवटचं जे पानक केलं होतं ना, यंत्राच्या पहिल्या वर्षी, त्याची आठवण अजून निघते. गोड, आंबट, आणि मागाहून जिभेच्या टोकाला अशी एक चुणचुण, की माणसं ग्लास पुढे करून परत रांगेत उभी राहिली. वरदराजने ते पुन्हा जमवायचं ठरवलं. आणि चव बघायला कोण? मी. दर रविवारी एक नमुना. कधी गूळ जास्त, कधी लिंबू कडू. सुंठ घालून बघितली, वेलची वाढवून बघितली. मी म्हणायचो, चांगलं आहे, पण काहीतरी राहिलंय. तो नाराज व्हायचा नाही. जिन्नसांची मांडणी बदलायचा. माझी साखर इतकी वाढली की डॉक्टरने विचारलं, घरी काही कार्य आहे का?

रामनवमी जवळ आली. त्याने आईचं मोठं पितळी पातेलं चिंचेने घासून पुढच्या खोलीत असं ठेवलं की दारातून आलेल्या माणसाला आधी ते दिसावं. रजेचा अर्जसुद्धा तयार, फक्त तारीख घालायची बाकी. आणि रोज संध्याकाळी स्वच्छ पंचा नेसून ओट्यावर बसायला लागला.

शामण्णा पहिल्या घरी गेले, दुसऱ्या घरी गेले. एके संध्याकाळी वरदराजच्या ओट्याशी आले, म्हणाले, "काय वरदराज, उकाडा फार," आणि पिशवीतला नारळ सावरत पुढच्या घरात शिरले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात तो भिंतीकडे तोंड करून बसला.

मी काय झालं ते ओळखलं, आणि आधी शामण्णांकडे गेलो. सहज म्हणून विचारलं, वरदराजचं घर दिसत नाही यंदा? शामण्णा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "यादी कोणाची? त्याचीच ना? त्यानेच नाव काढलं असणार. आई गेल्यावर घरात कोण आहे, असं वाटलं असेल त्याला. मी जाऊन जखमेला हात कशाला लावू? पण निदान तोंडाने सांगायचं होतं. इतक्या वर्षांचा संबंध."

म्हणजे बघा. हा म्हणतो शामण्णांनी मला वगळलं. शामण्णा म्हणतात त्याने आम्हाला वगळलं. समोरच्या खिडकीआड तिसरी बसलेली, ती म्हणते दोघांनी मिळून मला वगळलं. आणि तिघंही स्वाभिमानाने इतके फुगलेले की एकानेही तोंड उघडू नये. चार दिवस मी मध्ये पडलो नाही. असं आयतं नाटक दारात चालू असताना पडदा पाडायचा म्हणजे पाप. शेवटी आमच्या घरून ताकीद मिळाली. ही म्हणाली, "त्या माणसाचं तोंड बघवत नाही. आज बोलला नाहीत तर कॉफी हॉटेलातच प्यायची, दोन्ही वेळची."

त्या सकाळी वरदराज भिंतीलाच म्हणाला, "पातेलं मेलकोटेच्या देवळात देऊन टाकतोय."

"का रे?"

"मला काय करायचंय एवढं पातेलं? एका माणसाचं घर म्हणजे घर नसतं, रायरे. शामण्णांनी दाखवून दिलं."

"हे मी आधी ऐकलेलं आहे," मी म्हटलं.

"कोणाकडून?"

"वनजाक्षम्माकडून. पण ती शामण्णांबद्दल नाही, तुझ्याबद्दल म्हणत होती. वरदूच्या यंत्रात एकट्या बाईला जागा नाही, असं."

तो वळला. इतक्या दिवसांनी त्याचं तोंड दिसलं. "अक्का यादीत नव्हत्या?"

"तुझं यंत्र आल्यापासून नाहीत."

"कसं शक्य आहे? थांबा. असं नाही." त्याने सवयीने हात वर केला. "आधी घर. अक्कांचं घर आहे, नोंदीत आहे. मग माणसं. अक्कांच्या घरात माणसं किती? एक. आता माझं घर. माझ्या घरात माणसं..."

हात तसाच वर राहिला. हॉटेलचा मालक समजला की बिल मागतोय, तो येऊन उभा राहिला. वरदराजने हळूच पिशवीतून डबा काढला, टेबलावर ठेवला, आणि त्याच्याकडे बघत बसला.

"फेकला," तो म्हणाला. "मी स्वतः डबा फेकला."

मला वाटलं आता रडतो की काय. पण तो एकदम सांगायला लागला, आणि इतका खूश होऊन, की चूक सापडल्याच्या आनंदात चूक आपली आहे हेच विसरला. कंस लावायचा राहिला होता. स्वतःच्या घरावर चालवून बघितलं तेव्हा घरात दोघं होते, म्हणून डबा शाबूत. अक्का एकटी, तिचा डबा गेला. आता आई नाही, त्याचाही गेला. शामण्णांचा काही दोष नाही. कोणाचाच नाही.

"तुझा आहे," मी म्हटलं.

"माझा आहे," तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला. डबा पिशवीत परत घालत म्हणाला, "रायरे, हे ऑफिसात कळता कामा नये. मी पोरांकडून बोर्डावर लिहून घेतो."

मी शब्द दिला. मी ऑफिसात जातोच कुठे? मी फक्त गल्लीत सांगितलं.

त्याच संध्याकाळी तो वनजाक्षम्माच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. मी पलीकडच्या ओट्यावर वर्तमानपत्र धरून बसलो होतो, वाचत होतो असं कोणी म्हणू नये. आत वीणेच्या तारा लावणं चाललं होतं. त्याने खाली उभं राहून तो सगळा डबा, इडली, कंस, पुढच्या खोलीतला माणूस, सगळं पहिल्यापासून सांगितलं. खिडकी बंदच. तारा मात्र थांबल्या. मग एक फळी उघडली.

"म्हणजे यंत्र चुकलं?" ती म्हणाली.

"नाही अक्का. यंत्र बरोबर होतं. मी चुकलो."

"मग मी तुझ्यावर चिडले ते बरोबरच होतं."

"हो अक्का."

"ठीक." दुसरी फळी उघडली. "नाहीतर इतक्या दिवसांचा राग फुकट गेला असता."

तो खिडकीच्या जरा जवळ सरकला. मग म्हणाला, यंदा सेवा तुमचीच, पहिली संध्याकाळ तुमच्याच नावावर लावून देतो. माझं मी बघेन. नाहीतरी आईसारखं पानक मला जमत नाहीये. इतके रविवार करतोय, काहीतरी राहतंय.

वनजाक्षम्माने दोन्ही फळ्या पूर्ण मागे ढकलल्या. मग विचारलं, "आलं किसून घालतोस?"

"किसून. आई किसूनच घालायची."

"तुझ्या आईने जन्मात आलं घातलं नाही. सुंठ घालायची, ती पण घाबरत घाबरत. तू म्हणतोस त्या वर्षीचं आलं माझं होतं." ती खिडकीच्या कठड्यावर रेलली. "माझ्या दारी नारळ आला नाही, तेव्हा रंगनायकी माझ्याकडे आली. म्हणाली, वनजा, तुझं ठेचलेलं आलं वाया जाऊ देऊ नको, माझ्या पातेल्यात घाल. तू ऑफिसात होतास. मी दुपारी येऊन घातलं. आलं किसायचं नसतं, ठेचून फडक्यात बांधून बुडवायचं असतं."

"तुम्ही आमच्या घरी आला होतात? माझ्याशी तर बोलत नव्हतात."

"तुझ्याशी नव्हते. तिच्याशी कशाला भांडू? ती जाईपर्यंत रोज दुपारी येत होते. तुझी स्कूटर वाजली की मागच्या दाराने परत."

वरदराजने मागे वळून स्वतःच्या घराकडे बघितलं, जणू त्या दोघी अजून तिथे बसलेल्या दिसतील. मग म्हणाला, "आईने मला कधीच सांगितलं नाही."

"मीच सांगू नको म्हटलं होतं. सांगितलं असतं म्हणजे मागितल्यासारखं झालं असतं."

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ती तिकडून म्हणाली, "रायरे, पेपर उलटा आहे." नव्हता. पण मला बघून घ्यावं लागलं.

वरदराजने घरी जाऊन क्वेरीत तो रिकामा कंस लावला आणि बटण पुन्हा दाबून नवी यादी शामण्णांकडे नेली. तिथे दुसरीच अडचण. सगळ्या संध्याकाळी वाटून झालेल्या, नारळ देऊन झालेले. दिलेला नारळ परत मागायचा तर शामण्णांना गाव सोडावं लागलं असतं. उरली होती फक्त समारोपाची संध्याकाळ. त्या दिवशीचं पानक दरवर्षी कमिटीतर्फे आचाऱ्याकडून येतं आणि त्याला दरवर्षी रॉकेलचा वास असतो. शामण्णांनी ती मोकळी केली. दोन्ही घरांना मिळून. आणि रीत म्हणजे रीत, दोन नारळ, दोन विडे घेऊन निघाले. आधी समोरच्या घरी गेले. वनजाक्षम्माने नारळ घेतला, विडा घेतला, आणि माईक बदलला का ते विचारलं. मग ते वरदराजकडे आले. तो पंचा नेसायला विसरला होता, ऑफिसच्या पँटवरच धावत बाहेर आला. शामण्णा नुसते म्हणाले, "समारोपाला. तुमच्या घरची सेवा." वरदराजला "बसा" म्हणायचं सुचलं नाही. नारळ दोन्ही हातांत धरून उभाच राहिला. शामण्णा आपले आपण बसले.

नव्या यादीचा कागद मंडपाच्या खांबाला लागला आणि गल्लीची करमणूक झाली. एका माणसाच्या घरात कामं वाटायची कशी? क्वेरी आपलं काम इमानाने करते. लिंबं पिळणे: वरदराज. गाळणे: वरदराज. वाटप: वरदराज. भांडी: वरदराज. देखरेख: वरदराज. त्याच्याखाली तेच सगळं वनजाक्षम्माच्या नावाने. लोक थांबून वाचायचे. कोणीतरी शामण्णांना विचारलं, देखरेख करताना वरदराज वरदराजला रागावणार का?

समारोपाच्या दिवशी दुपारी मी सहज त्याच्या घरी डोकावलो. पातेलं स्वैपाकघराच्या मध्यभागी, एका बाजूला ती, एका बाजूला तो. भांडण वेलचीवरून होतं. तो म्हणत होता आईचं प्रमाण एवढं. ती म्हणत होती, तुझ्या आईचं प्रमाण मला सांगू नको, तिच्या वेलच्या मीच सोलल्यात. शेवटी आलं तिचं आणि वेलची त्याची असा तह झाला. ठेचलेल्या आल्याची पुरचुंडी पातेल्यात सोडली तेव्हा दोघंही वाकून बघत राहिले. वरदराजने डाव बुडवून चव घेतली. मग डाव खाली ठेवला आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. वनजाक्षम्मा मला म्हणाली, "जास्त झाली वेलची." मी चाखलं. झालीच होती जास्त. पण जिभेच्या टोकाला ती चुणचुण होती.

संध्याकाळी मंडप भरला. शामण्णांनी घसा साफ केला. मला वाटलं होतं एकदमच दोन्ही नावं घेतील, पण नाही, वरदराजने त्यांना लिहून दिलं होतं की दोन घरं, वेगवेगळी पुकारा.

"आजची पानकाची सेवा," शामण्णा म्हणाले, "वीणा विदुषी वनजाक्षम्मा यांच्या घरची. घरच्या मंडळींनी पुढे यावं."

वनजाक्षम्मा पुढे गेली, फुलं घेतली आणि जाता जाता माईकला टिचकी मारून बघितली.

"आणि वरदराज यांच्या घरची. घरच्या मंडळींनी पुढे यावं."

तिसऱ्या रांगेतली घरची सगळी मंडळी उठली. नवं रेशमी धोतर पायात येत होतं, ते एका हाताने उचलून धरलेलं. मधल्या वाटेवर बसलेल्या पोरीबाळींनी, याच्यामागून अजून कोणी येतंय म्हणून पाय आखडून धरले. तो पुढे गेला, फुलं घेतली, आणि मग सवयीने जरा थांबून मागे बघितलं, आपल्या सगळ्यांना मिळाली की नाही ते. मग वळला आणि सरळ पातेल्याकडे गेला, कारण वाटपही त्याच्याच नावावर होतं.

वनजाक्षम्माने डाव त्याच्या हातून काढून घेतला आणि म्हणाली, वाटप माझ्याही नावावर आहे, तू जा लिंबं पिळ. लिंबं कधीच पिळून झाली होती. म्हणून तो ग्लास धुवायला बसला. मी रांगेत होतो. दुसऱ्या ग्लासाला परत गेलो तेव्हा ती म्हणाली, "रायरे, तुमचं नाव यादीत एकदाच आहे."